अण्णांचे न्यूट्रॉन

धारूरच्या बाजारात माझी ओळख ‘बाँबवाले सर’ अशी आहे. मी कधी शाळेत शिकवलं नाही, आणि बाँब तर दिवाळीतसुद्धा हातात धरला नाही. पण माणूस अणूबिणूच्या खात्यात होता एवढं कळलं की गावाला पुरतं. किराणा दुकानदार तूरडाळ बांधून देताना हटकून विचारतो, “सर, ती सूर्यावाली लाईट कवा येनार?” मी म्हणतो, आधी खांबावरची येऊ दे. तो हसतो, मी पिशवी उचलतो आणि त्या दिवसापुरतं माझं विज्ञानप्रसाराचं काम संपतं.

आता तुमच्या अंकात लिहायचंच आहे तर एकदा नीट सांगून टाकतो. माझं काम मोजणीचं होतं. संलयन भट्टी म्हणजे जड हायड्रोजनचे अणू भयंकर तापवून एकमेकांत मिसळायचे आणि त्यातून निघणारी ऊर्जा वापरायची. सूर्य हे काम कुणाच्या मंजुरीशिवाय करतो. माणसाला त्यासाठी लोखंडी कडं, चुंबकं, समित्या आणि चहा लागतो. आत आग खरंच पेटली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. ते सांगतो न्यूट्रॉन. जितके न्यूट्रॉन बाहेर आले तितकी आग झाली, असा साधा हिशेब आहे.

अडचण एवढीच की न्यूट्रॉनला विजेचा भार नसतो. तो भिंतीतून जातो, तारेजवळून जातो आणि कुणाला नमस्कारही करत नाही. म्हणून भट्टीजवळ एक नळी ठेवतात, तिला आतून युरेनियमचा पातळ थर दिलेला असतो. एखादा न्यूट्रॉन त्या थरातला अणू फोडतो, फुटलेले तुकडे नळीतल्या वायूत धडपडतात आणि विजेचा एक अगदी बारीक झटका तयार होतो. तो झटका लांबलचक केबलमधून आमच्या पेटीपर्यंत येतो. पेटी तो मोठा करते, त्याच्याकडे निरखून बघते, खरा वाटला तर आकडा एकाने वाढवते आणि खोटा वाटला तर टाकून देते. मी उभी हयात अशा पेट्या बनवण्यात घालवली.

या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम न्यूट्रॉन मोजणं हे नाही. न्यूट्रॉन नसताना शून्य दाखवणं हे आहे. कारण शेजारी कुणी वेल्डिंग केलं, मोटार चालू केली, मोठं बटण दाबलं, की त्याचाही झटका केबलमध्ये शिरतो आणि ‘मीच न्यूट्रॉन’ म्हणत पेटीच्या दारात उभा राहतो. मी गुजरातेतल्या संलयन संस्थेत नोकरीला असताना आमच्याकडे एक मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या प्रयोगात रोज दुपारी न्यूट्रॉन वाढायचे. त्यांनी त्यावर छान भाषण तयार केलं, आलेख रंगवले. मी जाऊन पाहिलं तर भिंतीपलीकडे चहाची विजेची किटली होती, तिचं पाणी तापलं की ती खटकन बंद व्हायची. मी किटली हलवली आणि न्यूट्रॉन गेले. शास्त्रज्ञ माझ्याशी निवृत्त होईपर्यंत बोलले नाहीत.

पुढे मी निवृत्त होऊन धारूरला आलो आणि बीडच्या औद्योगिक वसाहतीत अशाच पेट्या बनणार असल्याचं कानावर आलं, तेव्हा मला आधी हसू आलं. आपल्याकडे पटावरची पोरं वर्गात दिसत नाहीत, लावलेली झाडं जमिनीवर दिसत नाहीत आणि सभेला लोटलेली गर्दी फक्त भाषणात दिसते. अशा मुलखात, जे नाही ते मोजणार नाही असं म्हणणारी हट्टी पेटी बनवायची होती.

कारखाना अण्णांचा. अण्णा म्हणजे माजलगावकडचे बडे जमीनदार आणि त्याहून बडे पुढारी. ऊसतोडीच्या टोळ्या, पतसंस्था, दोन कॉलेजं एवढं सांभाळून त्यांना इलेक्ट्रॉनिक्सची ओढ का लागली हे कुणालाच माहीत नव्हतं. पण आमच्या जुन्या संस्थेची निविदा निघाली आणि ती अण्णांना लागली, हे खरं. मला न्यायला त्यांची पांढरी गाडी धारूरचा घाट चढून आली. अण्णा स्वतः माझ्या ओट्यावर बसले.

“सर, आपल्या जिल्ह्याचं नाव फकस्त टँकर आन् मारामाऱ्यांत येतं. हे एकदा वर जाऊ द्या,” ते म्हणाले.

हे वाक्य ते सगळीकडे म्हणत असणार हे मला कळत होतं. तरी मी पेटी जुळवून द्यायला गेलो. जिल्ह्याच्या नावाची खाज मलाही होतीच.

कारखान्यात कामाचं माणूस एकच होतं, सुनंदा. दिंद्रुडकडची, ऊसतोड्यांच्या घरातली, बीडला आयटीआय केलेली. ती डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंग करायची. पेटीतल्या शेकडो तारा आणि सुटे भाग कथलाने जोडायचे असतात. त्यातला एक जरी डाग कच्चा राहिला तरी पेटी बडबडायला लागते. संस्थेचा नियम कडक होता. त्यांनी स्वतः शिकवून, परीक्षा घेऊन ज्याला पास केलं, त्याच्याच हाताचा डाग चालेल. अण्णांनी परीक्षेला आपल्या नात्यातली तीन पोरं आणि रिकामी राहिलेली जागा भरायला म्हणून सुनंदाला पाठवलं होतं. पोरं मजेत अहमदाबाद बघून आली. पास सुनंदा झाली.

तिला ही नोकरी कशासाठी हवी होती हे तिने पहिल्याच आठवड्यात सरळ सांगितलं होतं. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. बाई गेली नाही तर गड्याला कुणी घेत नाही. आणि दोघं गेली की पोरं उसाच्या पाचटात. “माझी शाळा अशीच दर साली दसऱ्याला सुटायची, सर. आता पोरगी तिसरीत हाय. तिची न्हाई सुटू द्यायची,” ती म्हणाली. बीडला खोली घेऊन ती मुलीला तिथल्या शाळेत घालत होती. नवरा बाळू वसाहतीतच हमाली करायचा.

पेटी तयार झाली. आता शून्याची परीक्षा होती. आमच्याकडे युरेनियम नव्हतं, ते कोण देतं? म्हणून युरेनियमचा थर नसलेली तशीच रिकामी नळी पेटीला जोडायची, नळीवर विजेचा पूर्ण दाब सोडायचा आणि पूर्ण दिवसरात्र पेटी चालू ठेवायची. आकडा शून्यावरून हलला नाही तर पेटी पास. दसऱ्यानंतर संस्थेचे तपासनीस नायर साहेब येऊन ही परीक्षा घेणार होते. मी आठवडाभर आधी चाचणी घेऊन बघितली. पेटी अशी गप्प बसली की मला भरून आलं. अण्णा मात्र नाराज झाले.

“येवढा खर्च करून सुन्नं? सुन्नं तर आपल्या तालुक्यात फुकट मिळतं,” ते म्हणाले.

मी पुन्हा समजावलं. त्यांनी मान हलवली. पुढारी मान हलवतो ती ऐकणं संपल्याची खूण असते.

खंडेनवमीला मी धारूरला घरी होतो. दसरा करून परत आलो, पेटी चालू केली आणि आकडा हलला. आधी एक, मग तीन, मग भराभर. मी खुर्चीत बसलो. पहिला संशय आला अर्थिंगवर. इमारतीतली उनाड वीज जमिनीत जायला बाहेर खड्डा असतो, तो वाळला की ती पेटीत येते. आमच्याकडे खड्डा न वाळला तरच नवल. मी टँकरचं पाणी आणून खड्ड्यात ओतायला लावलं. शेजारच्या वस्तीतल्या बाया हंडे घेऊन बघत उभ्या राहिल्या. एकीने विचारलं, “आमाला प्यायला न्हाई, अन् तुमी खड्ड्याला कावून पाजताय?” याला माझ्याकडे शास्त्रीय उत्तर होतं, पण ते देण्याचं धाडस झालं नाही. खड्डा भरला तरी आकडा पळतच होता.

तेवढ्यात अण्णा आले. त्यांनी आकडा बघितला आणि त्यांचा चेहरा फुलला.

“हे काय, चालू झालं की!”

“अण्णा, हे न्यूट्रॉन नाहीत. बिघाड आहे.”

“सर, तुमी लई शंकेखोर. मशीन म्हनतंय हायत, तुमी म्हनता न्हाईत. मशीन कुनी बनवलं?”

दुपारपर्यंत गेटवर फलक लागला. ‘बीडच्या मातीत न्यूट्रॉन! अण्णांच्या दूरदृष्टीला सलाम.’ कार्यकर्ते पेटीजवळ उभे राहून फोटो काढू लागले. एकाने हळूच विचारलं की हे अंगावर घेतलं तर सांधेदुखी जाते का. दुसरा तोंडाला रुमाल बांधून आला होता आणि आपल्या वॉर्डात किती निघाले ते विचारत होता. मी पेटी बंद करायला गेलो तर अण्णा म्हणाले, राहू द्या, पत्रकार यायचेत. चाळीस वर्षं मी आकड्यांच्या मागे लागलेली माणसं पाहिली, पण खोट्या आकड्याला हार घातलेला तेवढा एकदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी नायर साहेब आले. कमी बोलणारा माणूस. त्यांनी आधी फलक बघितला, मग हार, मग आकडा. “सर, मुझे झीरो चाहिए,” एवढंच म्हणाले. हे अण्णांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि हा म्हातारा, म्हणजे मी, म्हणत होतो ते खरं, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढाऱ्याला आपलं चुकलं हे कळलं की तो लगेच दुसऱ्या माणसाच्या शोधात निघतो. अण्णांना फार लांब जावं लागलं नाही.

“डाग कुनी दिलेत?” त्यांनी विचारलं.

सुनंदा पुढे झाली. पत्रकार, कार्यकर्ते, वॉचमन, सगळे उभे होते.

“कोयत्याचा हात हाय, त्याला हे नाजूक काम कसं जमायचं? उद्यापासून येऊ नको,” अण्णा म्हणाले.

मी मध्ये पडलो. दसऱ्याआधी हीच पेटी गप्प होती, डाग आपोआप कच्चे होत नाहीत, मला एक दिवस द्या, असं सगळं बोललो. अण्णांनी मान हलवली. सुनंदाने एप्रन काढून घडी करून टेबलावर ठेवला. ती रडली नाही. “सर, डाग बघून घ्या एकदा. मी दिलेलेच हायत,” एवढं बोलून ती गेली. मला अण्णांचा इतका राग आला होता की पेटी तशीच सोडून मी बाहेर जाऊन चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली. डाग एकेक भिंगाखाली बघितला. सगळे चकचकीत आणि पक्के होते. मग नळीकडे जाणाऱ्या केबलची टोपी पिळून काढली. आत पांढऱ्या चिनी मातीचा गोल असतो. त्यावर मोठ्या दाबाची वीज खेळते म्हणून तिथे बोटही लावायचं नसतं. तो गोल लालभडक होता. कडेला थोडी हळदही होती.

अण्णा मागेच उभे होते. त्यांनी वाकून बघितलं आणि कौतुकाने म्हणाले, “हां, ते मीच लावलंय खंडेनवमीला. वरवर लावायचं मला पटत न्हाई. टोपी काढली, मधोमध बोट टेकवलं, परत पिळून बसवली. पूजा कशी आतून पायजे.”

कुंकवात चुना असतो, तो ओल्या बोटाची ओल धरून ठेवतो आणि त्यातून दाबाची वीज ठिणग्या टाकत वाट काढते. प्रत्येक ठिणगी म्हणजे अण्णांचा एक न्यूट्रॉन. आपल्याकडे ट्रॅक्टरला, मोटारीला, शिलाई मशीनला, तराजूला कुंकू लागतं आणि काही बिघडत नाही. मीही घरी माझ्या जुन्या मल्टिमीटरला लावून आलो होतो, पण बाहेरच्या डब्याला. इतक्या भक्तीने थेट दाबाच्या टोकाला हात घालणारे पुजारी मात्र अण्णाच.

मी स्पिरिटने पुसलं. आकडा कमी झाला, थांबला नाही. रंग मातीच्या छिद्रांत मुरला होता. नायर साहेबांनी आधी त्या कुंकवाला हात जोडले, मग म्हणाले, पूर्ण जोड बदला, पासवाल्या माणसाच्या हाताने, माझ्यासमोर, आजच. नाहीतर पेटी नापास.

पासवालं माणूस जिल्ह्यात एकच होतं. खोलीवर माणूस पाठवला तर खोलीला कुलूप. नोकरी गेली कळताच बाळूने ऊसतोडीच्या मुकादमाला होकार कळवला होता आणि तिघं पहाटेच दिंद्रुडला गेली होती. टोळीचा ट्रक दुपारी निघणार होता.

अण्णा, मी आणि एक फोटो काढणारा कार्यकर्ता असे पांढऱ्या गाडीतून निघालो. वाटेत अण्णांनी मला पढवलं. “कारन दमट हवेचं सांगायचं. त्या सायबाला बी तेच लिवायला सांगितलंय.” बाहेर वडवणीच्या रानात भेगा पडल्या होत्या. मी काचेतून ती दमट हवा बघत राहिलो.

दिंद्रुडच्या फाट्यावर ट्रक उभा होता. वर संसार चढले होते, पत्र्याच्या पेट्या, भांडी, कोंबड्या, म्हाताऱ्या. सुनंदा मागच्या फळीजवळ बसली होती आणि मुलगी तिच्या मांडीवर दप्तरासकट. पांढरी गाडी बघून मुकादम धावत आला. अण्णांनी त्याला हातानेच बाजूला केलं.

“चल ग, उतर. काम हाय,” अण्णा म्हणाले.

“काढलंय मला,” सुनंदा म्हणाली.

“आता घेतलंय. पगार बी वाढवतो.”

“पगाराचं न्हाई म्हनत मी, अन्ना. समद्यांदेखत काढलं मला, कोयत्याचा हात हाय म्हून. माझा डाग खराब न्हवता, येवढं समद्यांदेखत सांगा. मंग येते.”

ट्रकातली माणसं फळीवरून वाकली. अण्णा हसले, खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. “अग, हवा दमट व्हती. कुनाचीच चूक न्हाई.” सुनंदा हलली नाही. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता तुम्ही दमट हवा सांगा. ट्रकचा ड्रायव्हर चढून बसला होता.

मी ट्रकच्या फळीला धरून जमेल तेवढ्या मोठ्याने बोललो. पेटीचा एकही डाग कच्चा नाही, मी सगळे बघितले. अण्णांनी खंडेनवमीला टोपी काढून आत कुंकू लावलं, त्याने पेटी बिघडली. सुनंदाचा काही दोष नाही.

 मग वरून एका म्हातारीने विचारलं, “देवाच्या कुंकवानं बिघडलं?”

“देवाचं काही नाही हो, मावशी. लावायची जागा चुकली.”

म्हातारीने अण्णांकडे बघून मान डोलावली. “आमी बी कोयत्याला लावतो की, अन्ना. पर पात्याला लावतो, धारंला न्हाई.”

आख्खा ट्रक हसला. मुकादमसुद्धा तोंड फिरवून हसला. अण्णांचा चेहरा कुंकवाच्या रंगाचा झाला, पण इतकी वर्षं राजकारण केलेला माणूस, सावरला. त्यांनी स्वतः पुढे होऊन गाडीचं दार उघडलं. सुनंदाने मुलीला खाली दिलं, मग स्वतः उतरली. बाळूने वरूनच बोचकं दिलं. अण्णांनी मुकादमाकडे एक नजर टाकली, तसा बाळूला टोळीतच गाडीत ऊस भरायचं, एकट्या गड्याचं काम लगेच मिळालं आणि कोयत्याची जोडी हा विषय निघाला नाही. कार्यकर्त्याने फटाफट फोटो काढले.

सुनंदा आणि मुलगी मागे बसल्या, कार्यकर्ता पुढे. मी दाराला हात लावला तर अण्णांनी काच अर्धी खाली केली.

“सर, तुमी येष्टीनं या.”

धुरळा बसल्यावर बघितलं तर पहिली एसटी धारूरची आली. मी तिच्यात बसलो. बीडला परत गेलो नाही आणि कुणी बोलावलंही नाही. पुढचं सुनंदाने फोनवर सांगितलं. तिने त्याच दिवशी डाग दिला, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत पेटीने तोंड उघडलं नाही आणि नायर साहेबांनी सही केली. बिघाडाचं कारण ‘दमट हवा’ असंच लिहिलं. पेटी आता भट्टीजवळ आपल्या कामाला लागली आहे. तिथे माझी आठवण काढणारं कुणी नाही, याचं थोडं वाईट वाटतं.

गेटवर नवा फलक लागलाय. ‘ट्रकात चढलेल्या कामगार भगिनीला सन्मानाने परत आणणारे अण्णा.’ त्याचा फोटो सुनंदानेच मला पाठवला, खाली हसरा चेहरा टाकून. फलकावर ट्रक आहे, दार उघडून उभे असलेले अण्णा आहेत, मुलीचा हात धरलेली सुनंदा आहे. डाव्या कडेला एक कोपर तेवढं आलंय, बाकीचा माणूस कापून टाकलाय. सुनंदा कामावर आहे आणि तिची पोरगी यंदा दसऱ्यानंतरही शाळेत गेली, म्हणून मी त्या फलकाबद्दल बाजारात अवाक्षर काढत नाही. पण ते कोपर माझं आहे, एवढं इथे छापून यायला हरकत नसावी.